धुरीवर येऊन बसलेली म्हातारी

येडाईवर माझा राग होता, हे आधी सांगून टाकतो. रागावलेल्या माणसाचा अनुभव कुणाला वाचायचा नसेल तर त्यानं इथंच थांबावं. निजामाच्या राज्यात उर्दूची दुसरी शिकलो, मराठी अक्षर नंतर दुकानांच्या पाट्या वाचून जमवलं. तरी हे माझं मी लिहितोय, दुसऱ्याला सांगून लिहून घेतलेलं नाही. शब्द चुकला तर माझा आहे.

राग का, तर माझी लेक चंपा. चालायला लागून अंगणभर पळायची. तिला ताप आला आणि ताप गेला तेव्हा दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. पाय राहिले, पण वाळक्या चिपाडासारखे. तिच्या आईनं येरमाळ्याच्या येडेश्वरीला, म्हणजे आमच्या येडाईला, नवस बोलला, अनवाणी डोंगर चढली, ओटी भरली. पोर उठली नाही. त्या दिवसापासून मी डोंगराची पायरी चढणं सोडलं. बायको जायची, मी जात नव्हतो. कुणी काही म्हटलं तर मी म्हणायचो, "तिला माझी लेक दिसली न्हाय, मला तिचं देऊळ दिसत न्हाय. फिटलं."

तेव्हा रझाकारांचा काळ मागं पडून आठ-दहा वर्सं झाली असतील. तेरच्या बाजूला, तेरणेच्या काठी, एका म्हाताऱ्या गुरुजींनी पांगळ्या पोरांची राहायची शाळा काढली होती. शाळा म्हणजे काय, तर कुडाच्या दोन खोल्या आणि पुढं एक निंब. चंपाला मी तिथं ठेवलं ते मन घट्ट करून. सहा महिन्यांनी भेटायला गेलो तर पोरगी काखेत कुबड्या घेऊन निंबाखाली उभी. उभी! जमिनीवर सरपटणारी माझी लेक मला उभी दिसली, आणि मी तिथंच खाली बसलो. ती वाचत होती, सुई-दोऱ्याचं काम करत होती, दुसऱ्या पोरींशी भांडतसुद्धा होती. सरकारी मदतीचा पत्ता नव्हता. गुरुजी गावोगाव हिंडून जोंधळा मागून आणायचे आणि त्यावर पोरं जगायची.

त्या फाल्गुनात गुरुजी आमच्या गावच्या पारावर येऊन बसले. म्हणाले, पाडव्यापर्यंत पुरेल एवढंच धान्य आहे, पुढं पोरांना घरी धाडावं लागेल. मागच्याच आठवड्यात चंपा मला म्हणाली होती, "आप्पा, सण असला तरी मला घरी न्हेऊ नगा." तिला कुणीतरी सांगितलं असणार. घरी म्हणजे भिंतीला टेकून दिवसभर माश्या मोजणं, हे तिला मोठ्या माणसासारखं कळत होतं. गुरुजी बोलत होते आणि माझ्या कानात पोरीचं तेवढंच वाक्य वाजत होतं.

पारावर वीरभद्रशेट बसले होते. नळदुर्गाकडनं आलेलं लिंगायत घराणं, भुसाराचा धंदा, घरात कानडी आणि बाहेर आमची भाषा. जीभ तिखट. आम्ही चौघं तालमीतले गडी समोरच उभे होतो. मी, रसूल पिंजारी, दगडू आणि त्याचा भाऊ भानुदास. लग्नं झाली, पोरंबाळं झाली, तरी रोज लाल मातीत उतरायचो आणि गाव आम्हाला दूध-खारकेचा खुराक द्यायचा. शेट आमच्याकडं बघून म्हणाले, "अय्यो शिवा! गुरुजी, तुमी चुकीच्या दारात आलाव. हे गाव पांगळ्याला घालत न्हाय, पैलवानाला घालतंय. ह्ये बघा चार बैल. बैलाएवढं खात्यात. बैलाएवढं वढत्यात का, ते मातर कुणी इचारलं न्हाय."

सगळे हसले. मी म्हणालो, "वढतो."

"काय वढतो?"

"गाडी. बैल न जोडता. म्हणाल तिथवर."

शेट मिशीवरनं बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "येरमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्यापत्तुर. वाटंतल्या गावांनी घातलेला जोंधळा गाडीत भरून. चौघांशिवाय पाचव्याचा हात गाडीला लागला की पैज हरला. नेलीत, तर माझं एक पेव गुरुजींच्या पोरांना फोडून देतो. हरलात, तर गाडीतला जोंधळा ज्याचा त्याला परत, आन् तुमी गावाचं दूध बंद करायचं."

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. एका पेवात शाळेची सालाची ददात मिटली असती. येरमाळ्याचं नाव निघालं तसा मी दचकलो, पण आता मागं कसा सरू? एवढंच म्हणालो, "पायथ्यापत्तुर. वर जाणार न्हाय." शेट म्हणाले, "वर जायचं का न्हाय ते तुजं आन् तिचं."

घरी येऊन चंपाच्या आईला सांगितलं. ती चुलीपुढनं न उठता म्हणाली, "जीभ तुमची आन् पणाला पोरीची शाळा." तिच्या बोलण्यानं माझी झोप गेली. खरंच होतं ते. हरलो असतो तर गुरुजींना गावोगावी परत तोंड दाखवता आलं नसतं. ज्याचं धान्य परत जातं त्याच्या झोळीत दुसऱ्यांदा कुणी घालत नाही.

आम्ही गाडी काढली ती दगडूची. जुनी, पण चाकं चांगली. जुवाला गोधडी गुंडाळली, डाव्या अंगाला मी आणि रसूल, उजव्या अंगाला दोघं भाऊ. शेट तट्टावर बसून मागं. पाचवा हात कुठनं येतो का बघायला. पहिली दोन-तीन गावं तर वरातीसारखी गेली. आधी गावाला खोटं वाटायचं, मग खरंच बैल नाहीत म्हणून पोरं पळत यायची, आणि बायका सुपानं, पायलीनं जोंधळा आणून पोत्यात ओतायच्या. पण ह्या कामात एक वाईट गोष्ट होती आणि ती आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आधी आली नव्हती. लोक खूश झाले की गाडी जड व्हायची. जेवढं यश तेवढं ओझं. एका गावात पाटलिणीनं कौतुकानं अख्खं पोतं टाकलं, तेव्हा रसूल हात जोडून म्हणाला, "बस करो भाभी, दुवा दो, ज्वारी नक्को." सगळा गाव हसला. आम्ही पण हसलो, पण पोटातनं नाही.

खांदे सुजले. जू मानेच्या खाली हाडावर बसतं. बैलाला तिथं मांसाची गादी असते, आम्हाला नुसतं हाड. तिथं आमच्याकडनं एक चूक झाली. लोक पोती मागनं टाकायचे, ती मागंच राहू लागली. मागं वजन राहिलं की जू खांद्यावर हलकं लागतं. जन्मभर गाड्या हाकलेली माणसं आम्ही, चढाला गाडी धुरीकडं, म्हणजे जुवाला जोडलेल्या पुढच्या दांडीकडं, थोडी जड पाहिजे हे आम्हाला पोरवयापासून ठाऊक. बैलाच्या बाबतीत कधी चुकलो नसतो. पण आता बैल आम्हीच होतो, आणि खांद्याला बरं वाटतंय म्हटल्यावर शहाणपण गुंडाळून ठेवलं. मुक्कामाला रसूल एकदा म्हणाला, "अबे, गाडी उलाळ होतीय, मागं कलतीय. पोती म्होरं घेऊ." मी म्हणालो, "सकाळी बघू." सकाळी कुणाचाच हात खांद्याच्या वर जात नव्हता. पोतं कोण उचलणार? तसंच जुवात शिरलो.

येरमाळ्याच्या अलीकडं एक चढण लागते. आता सडक झालीय, मोटारीला कळतसुद्धा नाही. तेव्हा ती दगडगोट्यांची वाट होती आणि एका अंगाला खोल ओघळ. उन्हं टाळूवर आली होती. चढणीच्या तळाशी थांबून पाणी पिऊ म्हणून दगडू म्हणाला, मी म्हणालो बसलो तर उठणार नाही, एका दमात घेऊ. बाजाराला निघालेली चार माणसं वाटेच्या कडेला उभी राहून बघू लागली. शेट तट्टावरनं उतरून गाडीच्या मागं चालू लागले.

निम्मी चढण चढलो आणि मागं सरसर आवाज झाला. पोती घसरली. माझ्या खांद्यावरचं जू एकदम हलकं झालं, आणि पुढच्याच दमाला ते वर उठायला लागलं. गाडी उलाळली. खांद्यावरनं गळ्याशी, गळ्यापासनं हनुवटीशी. आम्ही चौघं हातांनी जुवाला लोंबकळलो. दगडूच्या टाचा उचलल्या. भानुदास रडवेल्या आवाजात ओरडत होता, "सोडू नगा, सोडू नगा!" कुणी सोडून चाकाला दगड लावावा, तर राहिलेले तिघं जुवासकट वर गेले असते आणि गाडी मागं पडून ओघळीत. बाजारची माणसं धावली, पण शेट ओरडले, "हात लावू नगा! हात लावला की हरले!" आणि ती माणसं तिथंच थबकली. मी त्यांना काय म्हणू? या म्हणू तर पैज गेली, नको म्हणू तर गाडी गेली. चाक वीतभर मागं सरकलं. खालनं शेटांचा आवाज आला, "अय्यो, सोडा रे आता, मराल!"

मला तेव्हा शाळा दिसली नाही, पेव दिसलं नाही. निंबाखाली कुबड्या घेऊन उभी राहिलेली पोर दिसली, आणि कुणीतरी तिच्या काखेतल्या कुबड्या काढून घेतंय असं दिसलं. इतक्या वर्सांनी माझ्या तोंडातनं आपसूक शब्द गेला, "आई, जरा हलकं कर गं."

"आरं थांबा की! कवाधरनं हाका मारतीय!"

डाव्या अंगाच्या पांदीतनं एक म्हातारी येत होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, काखेत गठुडं, आणि देह असा की आमच्यातल्या दोघांचा मिळून एक. धापा टाकत, हेलकावत ती थेट आमच्याकडं आली. म्हणाली, "वर चाललाव न्हवं? पाय लई दुखत्यात बाबा. मला घ्या."

मी किंचाळलोच, "आजी, बाजूला व्हा! गाडी पडतीय!"

ती बहिरी होती का काय कोण जाणे. गठुडं आधी गाडीच्या साटीत फेकलं, दोन्ही हातांनी धुरी धरली आणि अंग टाकलं. माझ्या मनात आलं, संपलं. हलकं कर म्हणालो, आणि हिनं वरनं मणामणाचं वजन आणून टाकलं. पण धुरी तिच्या वजनासरशी खाली आली. हनुवटीशी गेलेलं जू गळ्याशी आलं, गळ्यापासनं खांद्यावर आलं, आणि दगडूच्या टाचा भुईला लागल्या. म्हातारी सरकून पोत्यांच्या पुढं ऐसपैस बसली, पदरानं वारा घेऊ लागली. गाडी जिथल्या तिथं उभी राहिली, काट्यावरच्या पारड्यासारखी सरळ.

मला हे काय झालं ते अजून कळलं नव्हतं. मी तेच धरून बसलेलो, "आजी, उतरा हो, पाया पडतो."

"उतरते की. वर गेल्यावर." म्हातारी म्हणाली. "वाटंत बसलेल्या माणसाला असं उतर म्हणत्यात व्हय? वढा. भाकरी खाता का भुस्सा?"

रसूलला माझ्या आधी कळलं. तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "चूप बैठ. खींच." आम्ही ओढलं. खांद्यातनं आग निघत होती, पण पाय भुईला धरत होते. म्हातारीचं तोंड सुरूच. डावं चाक खड्ड्यात चाललंय, तो उजवीकडचा नुसता कण्हतोय वढत न्हाय, माझ्या बापाच्या गाडीचा एक बैल असाच होता. भानुदासला तशातही हसू आलं. शेवटच्या टप्प्याला मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा माथ्यावर होतो आणि समोर येडाईचा डोंगर होता.

"बस्स, हितं," म्हणून म्हातारी उतरली. लुगडं झटकलं. "आता उतार हाय. आता गाडी म्होरं वढायची न्हाय, मागं धरायची," एवढं बोलली आणि गठुडं घेऊन चालू लागली. आम्ही चाकाला दगड लावले आणि जुवाखालीच आडवे झालो. थोड्या वेळानं मी मान उचलून बघितलं, तर वाटेवर ती दिसली नाही. बाजाराची माणसं होती, त्यांच्यात मिसळली असेल. मी काय म्हणतोय ते नीट वाचा. ती नाहीशी झाली असं मी म्हणत नाही. मला दिसली नाही, एवढंच.

शेट वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते मागं होते, पोत्यांच्या आडनं त्यांना पुढचं दिसलं नव्हतं, म्हातारीचा आवाज तेवढा ऐकला होता. त्यांनी विचारलं, "खरं सांगा. गाडी कशी सावरली? पाचव्याचा हात लागला का?"

दगडूनं माझ्या मांडीला चिमटा काढला. त्याची नजर सांगत होती, न्हाय म्हण. बाजारची माणसं केव्हाच पुढं गेली होती, सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. नाही म्हटलं असतं तर पेव आमचं होतं, पोरीची शाळा आमची होती. पण नाही म्हटलं असतं, तर ती गाडी माझ्या बळावर चढली असा त्याचा अर्थ झाला असता. त्याआधीच्या घडीला मी लोंबकळत होतो हे मला ठाऊक होतं. जीभ पारावर जेवढी चटकन उचलली होती, तेवढीच ती आता जड झाली.

"लागला," मी म्हणालो. "दोन्ही हात लागले. एक म्हातारी धुरीला धरून बसली. ती बसली म्हणून गाडी सावरली. आमी सावरली न्हाय."

दगडूनं डोक्याला हात लावला. शेटांनी पागोटं काढून घाम पुसला, परत घातलं. गाडीभोवती एक फेरी मारली, मागं सरकलेली पोती बघितली, धुरी बघितली. ते भुसारी होते, वजन कुठं पडलं की काय होतं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"म्हातारी केवढी होती?" त्यांनी विचारलं.

"दोन पोत्यांची," रसूल म्हणाला.

"वढायला हात लावला तिनं?"

"नई शेट. बैठके गाली दी."

शेट एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. "अप्पा, ज्यानं वजन वाढवलं त्याला मी मदत कसा म्हणू? धरल्याशिवाय गाडीत कोण बसतंय? तू न्हाय म्हणाला असतास तर मला पटलं नसतं, आन् मी पेव दिलं नसतं. लागला म्हणालास. चला, गाडी पायथ्याला न्या. पेव फोडू."

उतारावर गाडी मागं धरत आम्ही तिन्हीसांजेच्या आत पायथ्याला आलो. वाटेत मी सगळ्यांना विचारत होतो, अशी अशी म्हातारी गेली का. कुणी म्हणालं असेल, कुणी म्हणालं बघितली नाही. रसूल शेवटी म्हणाला, "छोड ना यार. अम्मा थी. किस की बी हो."

पायथ्यापर्यंतच, वर जाणार नाही, हे बोल माझे होते. ते मोडले. कुणी म्हणालं नाही, माझा मी चढलो. देवीपुढं उभा राहिलो आणि हात जोडायला गेलो, तर हात वर येईनात. खांदे असे सुजलेले की कोपर कमरेच्या वर उचलत नव्हतं. शेजारी लोक टाळ्या वाजवून आईचा उदो करत होते, आणि मी दोन लाकडं लटकावल्यासारखा उभा. मग गुडघे टेकले आणि नुसतं डोकं उंबऱ्यावर ठेवलं. किती वेळ ते माहीत नाही. मागितलं काहीच नाही. चंपाचे पायसुद्धा मागितले नाहीत. तिथं मला पहिल्यांदा वाटलं की हिला माझी लेक दिसली होती. पाय देणं जमलं नसेल, तर उभं राहायला जागा दिली होती. मी मात्र पायांचा हिशेब धरून बसलो होतो.

शेटांनी शब्द पाळला. पेव फोडलं, त्या पाडव्याला एकही पोर घरी गेलं नाही. पुढच्या साली आसपासच्या गावांनी आपसूक गाड्या भरून धाडल्या, तेव्हा मात्र बैल जोडून. शाळेला पक्क्या भिंती झाल्या. चंपा तिथंच शिकली, तिथंच पोरींना शिवण शिकवू लागली. आता तिचे केस पांढरे झालेत. अजून कुबड्यांवर चालते आणि अजून भांडते. कळंबच्या बाजारात कपडा घ्यायला गेली तर दुकानदार तिला बघून आधी दर उतरवतो.

मी हट्टी होतो आणि आहे, ह्या वयात माझं हाड बदलणार नाही. पण एवढं मात्र त्या चढणीनं केलं. मी आईला हलकं कर म्हणालो होतो. ती जर माझं ऐकून मागनं पोतं काढायला गेली असती, तर तोवर आम्ही हवेत आणि गाडी ओघळीत असती. आमचे पाय भुईला लावायला तिला वजनच घालावं लागलं. मला ते कळत नव्हतं, मी उतरा उतरा म्हणत होतो, आणि बरं झालं तिनं माझं ऐकलं नाही. पुढं आयुष्यात धाकटा लेक गेला, घर पडलं, चंपाची आई वर्षभर अंथरुणाला खिळली. दर वेळी तोंडात तेच आलं, हे उतरव. पण मग थोडा थांबतो, ओढत राहतो. काय येऊन बसलंय आणि कुणी बसवलंय, ते माथ्यावर गेल्याशिवाय मला कळत नाही. तोवर बसू द्यावं तिला. वाटेत उतरा म्हणू नये.